पडदे रंगवणारा दिग्दर्शक

संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात प्रेक्षक पडद्यालाही टाळी देत. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, सगळं कापडावर उतरवलेलं. 1910 नंतरच्या काही वर्षांत कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू या कामात इतके गाजले की, ‘पेंटर’ हेच त्यांचं आडनाव झालं. बाबूरावांचा जन्म 1890 चा. आनंदराव त्यांचे चुलत बंधू, आणि सिनेमाचं वेड मुळात आनंदरावांचं. कॅमेरा आपणच बनवायचा, हा हट्टही त्यांचाच. 1916 मध्ये ते गेले. अर्धवट राहिलेलं ते यंत्र बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं पुरं केलं.

यंत्र झालं तरी कंपनीला भांडवल लागतं. ते दिलं तानीबाई कागलकर या गायिकेनं. मराठी चित्रपटाच्या इतिहासात हे नाव एका ओळीत उरकलं जातं. पेढीवाल्यांना जो धंदा भरवशाचा वाटत नव्हता, त्यात एका कलावंतिणीनं स्वतःची कमाई घातली, याला एका ओळीपेक्षा जास्त जागा हवी. अशी उभी राहिली महाराष्ट्र फिल्म कंपनी.

कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट 7 फेब्रुवारी 1920 ला पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. स्त्रीभूमिका बायकांनीच केल्या होत्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना कंपनीनं कमलादेवी आणि सुशीलादेवी ही नावं दिली. कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की ते अंगावर आलं, आणि पुढे सेन्सॉरच्या कात्रीत सापडलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं.

आयुष्यभर पडदे रंगवलेल्या माणसानं कॅमेऱ्यासमोरून मात्र पडदा काढून टाकला, ही मला त्यांची सर्वांत मोठी कामगिरी वाटते. रंगवलेली भिंत रंगमंचावर खपते, भिंगाला ती सपाट दिसते. म्हणून त्यांनी खोली असलेले, माणसाला आतून फिरता येईल असे देखावे उभारले. प्रसंग आधी कागदावर रेखाटायचा, कोण कुठे उभा राहील आणि अंगावर काय असेल ते ठरवायचं, मग चित्रण. 1923 च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. हा चित्रपट हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवर होता; त्यातला रात्रीचा हल्ला भर उन्हात कसा दाखवणार? जाहिरातीची भित्तिपत्रकंही ते स्वतः रंगवत. दादासाहेब फाळक्यांच्या पडद्यावर चमत्कार घडत. बाबूरावांच्या पडद्यावर जागा दिसू लागली, आणि जागा दिसली की त्यात राहणारा माणूसही दिसतो.

तो माणूस 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये आला. कथा नारायण हरी आपट्यांची. कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. पुराणातले देव आणि इतिहासातले वीर यांना सरावलेल्या प्रेक्षकाला स्वतःच्याच गावचा सावकार तिकीट काढून बघावासा वाटला नाही. चित्रपट फारसा चालला नाही. जाणकारांच्या आठवणीत मात्र राहिली ती एक भकास झोपडी आणि तिच्यापाशी रडणारा कुत्रा. मूकपटात ते रडणं ऐकू येणार नव्हतं, ते डोळ्यांनाच समजायला हवं होतं. चित्रपटाची प्रत आज उरलेली नाही, त्यामुळे या आठवणींवरच भागवावं लागतं.

कंपनी म्हणजे एक तालीमच होती. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर तिथेच घडले, आणि 1929 मध्ये बाहेर पडून सीताराम कुलकर्णींच्या साथीनं त्यांनी ‘प्रभात’ ही कंपनी काढली. त्यानंतर लवकरच बाबूरावही आपल्या कंपनीतून दूर झाले. बोलपटाच्या काळात त्यांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे चित्रपट दिले, 1936 मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा केला, आता आवाजासह. पण पूर्वीचा दबदबा परत आला नाही. संवादांनी भारलेल्या त्या जमान्यात नजरेनं गोष्ट सांगणाऱ्याची थोडी कुचंबणाच झाली असावी. ते चित्रं काढत राहिले, शिल्पं घडवत राहिले. 1947 चा ‘लोकशाहीर रामजोशी’ त्यांनी हाती घेतला, आणि तो पूर्ण केला शांतारामांनी. 16 जानेवारी 1954 ला बाबूराव गेले, तेव्हा त्यांच्या शिष्यांची नावं त्यांच्यापेक्षा मोठी झालेली होती.