पहिल्या पाण्याचे मासे

मृग लागला की आमच्याकडच्या माणसाची नजर आभाळाकडे आणि पावले पाण्याकडे वळतात. दिवसभर फायलींत मान घालून बसणारा आमच्यासारखा कारकूनही त्याला अपवाद नाही. गोंदिया शहर सोडून फुलचूरच्या वाटेला लागले आणि भिजलेल्या मातीचा वास आला, की आज कोणत्या बोडीवर गळ टाकावा हा विचार डोक्यात सुरू होतो. शेतकरी पऱ्हे टाकण्याच्या घाईत असतो, तर गावातली पोरे बांबू तासून त्याला दोरी बांधण्याच्या.

पहिला जोराचा पाऊस रात्री पडून गेला, की सकाळी गावात एकच बातमी असते : मासे चढले! मग गळ, फेकजाळे, टोपली, जे हाताला लागेल ते घेऊन लहानथोर ओढ्याकडे धावतात. या धावपळीत गंमत आहे, घरच्या रश्श्याची सोय आहे, आणि एक मोठी चूकही आहे. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला मासे कसे धरावेत, आणि कोणते धरू नयेत, या दोन्ही गोष्टी वाचक बंधू-भगिनींपुढे मांडण्याचे आम्ही ठरवले.

मासे का चढतात?

उन्हाळ्यात तलाव आटतो, पाणी तापते, मासे खोलगट डबक्यात गोळा होतात. पहिल्या पावसाचे पाणी आले की तलाव थंड होतो, पातळी वाढते आणि ओहोळांतून ताजा प्रवाह आत येऊ लागतो. माशाला हा इशारा पुरेसा असतो. पोटात अंडी तयार असतात, ती उथळ, गवताळ, नव्याने भिजलेल्या जागी सोडायची असतात. म्हणून मासे प्रवाहाच्या उलट पोहत ओहोळात, पाटात आणि तिथून धानाच्या बांध्यांमध्ये शिरतात. रोहू, कतला, मृगल हे मोठे मासे तर साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालतच नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते.

आपला भाग या माशांना अनुकूल होता तो जुन्या तलावांमुळे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मालगुजारी काळातले हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या अमलात कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी त्यांतले बरेच बांधले. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधल्याचे सांगतात. मातीची पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम, जादा पाणी वाहून जाण्याची सलंग, अशी ही रचना. एका तलावाच्या सलंगेचे पाणी ओहोळाने खालच्या तलावात जाते. माशांसाठी ही पाण्याची वाटच आहे. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि आज आपण त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो.

मरळ : हंगामाचा राजा

गळाच्या शौकिनाला सुरुवातीच्या दिवसांत खरी ओढ असते ती मरळीची. लांबट अंग, सापासारखे डोके, बाजूला काळपट पट्टे. चव अशी की बाजारात ती इतर माशांपेक्षा महाग जाते. या माशाला पाण्यातल्या हवेवर भागत नाही. ठरावीक वेळाने वर येऊन तोंडाने हवा घ्यावी लागते. त्यामुळेच उन्हाळ्यात चिखलातही तो तग धरतो आणि पहिल्या पावसात ओल्या गवतावरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जाऊ शकतो.

हवा घ्यायला वर येणे हेच मरळीचा ठिकाणा सांगणारे चिन्ह. पाळीवर शांत बसून पाणी न्याहाळावे. गवताच्या किंवा कमळाच्या पानांच्या कडेला पाणी हलके फुटते, एक वर्तुळ उठते, दोनचार बुडबुडे येतात. थोड्या वेळाने जवळपास पुन्हा तसेच झाले, तर तिथे मरळ आहे असे समजावे.

साहित्य आणि रीत

खर्च फारसा नाही. आठ-दहा फुटांचा सरळ, लवचीक बांबू, नायलॉनची मजबूत दोरी, मध्यम आकाराचा गळ, म्हणजे गरी, आणि शिशाचा लहानसा तुकडा. तरंगण्यासाठी धांड्याचा तुकडा किंवा मोरपिसाची दांडी चालते. मरळीचे दात धारदार असतात, म्हणून गळाजवळची दोरी जाड असावी आणि प्रत्येक मासा निघाल्यावर ती बोटाने चाचपून पाहावी.

वेळ पहाटेची किंवा दिवस मावळतानाची. पावसाच्या आधीच्या आठवड्यात आटलेल्या पाण्याच्या कडेला, गवताच्या मोकळ्या फटीत आमिष सोडावे. पहिल्या सरीनंतर जिथे ओहोळाचे गढूळ पाणी तलावाच्या निवळ पाण्यात मिसळते, त्या रेषेवर बसावे. वाहून आलेले किडे-गांडूळ खायला लहान मासे तिथे येतात आणि त्यांच्यामागे मरळ येते.

मरळीला हलते आमिष लागते. लहान मासा लावला तर उत्तम. तो गवताजवळ हलकेच टाकावा आणि बांबूचे टोक थोडे थोडे हलवत राहावे. मरळ झडप घालते तेव्हा पाणी खळ्ळकन उडते. नवखा माणूस इथेच चुकतो. दचकून लगेच ओढतो आणि आमिष रिकामे परत येते. मनात पाचपर्यंत मोजावे, दोरी ताणली जाऊ द्यावी, आणि मग एकाच ठाम हिसक्याने उचलावे. उचलल्यावर ढील देऊ नये, नाहीतर ती गवताच्या मुळात शिरून दोरी गुंतवते.

रोहू-मृगलाची रीत वेगळी. त्यांच्यासाठी कणकेत तांदळाचा कोंडा मळून केलेली गोळी पुरते, गळ तळाजवळ ठेवावा लागतो आणि बसावे लागते. शिंगूर, वागूर हे मासे रात्री गढूळ पाण्यात गांडुळावर येतात. त्यांना गळातून सोडवताना हाताला फडके गुंडाळावे. यांचा काटा टोचला तर हात ठणकत राहतो. अशा वेळी सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने आराम पडतो. ठणका थांबला नाही, सूज वाढली, तर दवाखाना गाठावा.

आणखी एक. जूनच्या आभाळात गडगडाट सुरू झाला की उघड्या पाळीवर लांब बांबू उभा धरून बसणे म्हणजे विजेला निमंत्रण देणे. गळ तिथेच टाकून घराकडे निघावे, झाडाखाली थांबू नये. मासा उद्याही मिळेल.

आम्ही केलेली चूक

ही सारी विद्या आम्हाला कोणत्या पुस्तकातून मिळाली नाही. ज्यांनी शिकवली, त्यांनीच एकदा आमचे कानही टोचले. ती गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

आम्ही कॉलेजात बी.कॉम.ला होतो. गावाबाहेरच्या एका बोडीत, पाऊस सुरू होऊन महिना झाला असेल, गवतालगत पाण्यावर तांबूस डाग दिसला. जवळून पाहिले तर तो डाग जिवंत होता. शेकडो इवली तांबडी पिल्ले एकाच गोळ्याने फिरत होती. त्यांच्या हालचालीने पाण्यावर जणू पाऊस पडत होता. पिल्ले आहेत म्हणजे मोठी मरळ खाली असणारच, एवढे आम्हाला ठाऊक होते. त्या गोळ्यातून आमिष ओढत नेले आणि पहिल्याच फेरीत झडप बसली. दोन हातांत मावणार नाही अशी मरळ काठावर आली. आम्ही फुशारकीने ती पाळीवरून नेत होतो, तर समोरून एक म्हातारे ढिवर काका आले. त्यांनी मासा पाहिला, बोडीकडे पाहिले आणि विचारले, "काहून मारलास बाबू? पिल्लायले राखत होती ते."

आम्ही म्हणालो, "भूक नव्हती काका, पण हाती लागली."

ते रागावले नाहीत. आम्हाला परत बोडीवर घेऊन गेले आणि बसवले. अर्ध्या तासात त्या तांबड्या गोळ्याभोवती लहान-मोठे मासे फिरू लागले. पाणी फुटत होते आणि दर वेळी गोळा लहान होत होता. अंधार पडेपर्यंत काहीच उरले नाही. काका एवढेच म्हणाले, "तू एक मासा नेलास. जातानी सारी बोडी नेलीस."

पुढे आम्ही वाचले तेव्हा कळले की मरळीत अंड्यांची राखण बहुधा नर करतो, आणि पिल्ले स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत, म्हणजे काही आठवडे, आई-बाप त्यांच्याखाली पहारा देतात. ही जात भुकेसाठी नव्हे, तर पिल्लांच्या रक्षणासाठीही आमिषावर धावते. म्हणजे आम्ही त्या जिवाच्या मायेचाच गळ केला होता. त्या रात्री घरी रस्सा झाला. आमच्या घशाखाली तो उतरला नाही.

मुद्दल आणि व्याज

वाणिज्य शाखेच्या माणसाला ही गोष्ट हिशेबाच्या भाषेत लवकर पटते. तलावातले अंडी भरलेले मासे हे मुद्दल. त्यांची वाढलेली पिल्ले हे व्याज. पहिल्या पुरात ओहोळाच्या तोंडाशी आडवे जाळे लावून चढणारे सगळे मासे काढणे म्हणजे वर्षाच्या पहिल्याच दिवशी बँकेतले मुद्दल काढून जेवण घालणे. पंगत मोठी होते, पण दिवाळीनंतर तलाव रिकामा.

हे नुकसान सर्वांत आधी कोणाला बसते? आम्हाला नाही. आमचा पगार महिन्याला होतो. नुकसान बसते ते ढिवर कुटुंबाला, ज्याचे मीठ-मिरची त्या तलावावर आहे. मच्छीमार सहकारी संस्था तलावाचा ठेका भरते, बीज विकत आणून सोडते आणि वर्षभर राखण करते. हौशी माणसाने त्यांना न विचारता गळ टाकणे हे दुसऱ्याच्या शेतातली ओंबी तोडण्यासारखेच आहे. तेव्हा आधी संस्थेला विचारावे, बंदीचे दिवस कोणते ते समजून घ्यावे, मगच बसावे.

हा नुसता भावनेचा प्रश्न नाही, हे दूरच्या एका उदाहरणावरून दिसते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास नावाचा एक पट्टेवाला मासा आहे. आपली मरळ आणि तो नात्याने दूरचे, पण अंगावर पट्टे दोघांच्याही. हा बास समुद्रात राहतो आणि वसंत ऋतूत अंडी घालायला हडसनसारख्या नद्यांमध्ये आणि चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांमध्ये चढतो. तिथलेही शौकीन हंगामाच्या सुरुवातीला त्याच्या वाटेवर गळ घेऊन बसतात. १९७० नंतरच्या दशकात इतकी मासेमारी झाली की बास दिसेनासा झाला. १९८४ मध्ये तिथल्या संसदेने खास कायदा केला. मेरीलँड राज्याने १९८५ पासून पाच वर्षे हा मासा धरणेच बंद ठेवले. कोळ्यांनी आणि शौकिनांनी कळ सोसली. १९९५ साली हा मासा पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. मात्र असे यश एकदा मिळाले की कायमचे पदरात पडते असे नाही. पुढील काळात त्याची संख्या पुन्हा घटली आणि नियम पुन्हा कडक करावे लागले. मुद्दलाची राखण रोजच करावी लागते.

कोणी म्हणेल, बीज तर आता सरकारी केंद्रातही तयार होते. खरे आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन मोठ्या माशांकडून अंडी घालून घेतली. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पण ते बीज मुख्यतः रोहू, कतला, मृगलाचे. दाडक, बोटरी, शिंगूर या आपल्या गावठी माशांचे बीज कोण आणून सोडणार? त्यांना तलावातले गवत आणि पहिल्या पाण्याची मोकळी वाट एवढेच हवे. आपल्याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकर आणि सहकाऱ्यांनी ढिवर बंधू-भगिनींसोबत तलावांतली बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावल्या. माशांना घर मिळाले, तेव्हा मासे परत आले.

आमची विनंती

तेव्हा या हंगामात गळ जरूर टाका. मुलांनाही सोबत न्या. पण चार गोष्टी पाळा. ओहोळाचे तोंड आणि सलंग जाळ्याने पूर्ण अडवू नका. मच्छरदाणी वा बारीक आसाचे जाळे वापरू नका. पोट फुगलेली मादी आली तर हात ओला करून ती सोडून द्या, आणि तांबड्या पिल्लांचा गोळा दिसला तर बांबू गुंडाळून दुसरीकडे चला. विष आणि स्फोटके यांना तर कायद्यानेच बंदी आहे. विजेच्या तारेने मासे मारणारा माशासोबत स्वतःचाही जीव घालवतो.

मागच्या पावसाळ्यात आम्ही एका लहान मुलाला घेऊन बोडीवर बसलो होतो. पाण्यावर तांबडा डाग दिसला. मुलाने आमच्या हातातल्या बांबूकडे आशेने पाहिले. आम्ही दोरी गुंडाळली आणि त्याला म्हणालो, "बस, नुसते पाहू." अंधार पडला तरी गोळा तेवढाच होता. खालून मधूनच एक मोठे वर्तुळ उठत होते. आम्ही रिकाम्या हाताने घरी आलो, आणि त्या रात्री वांग्याच्या भाजीशी भाकर गोड लागली.