लाकडालाही अभ्यंग हवे

योगेश्वरीच्या दर्शनाला पुण्या-मुंबईहून अंबाजोगाईस जाणाऱ्या मंडळींनी परतण्यापूर्वी तासभर जुन्या गावात हिंडावे. एखाद्या अरुंद गल्लीत माळवदाचा वाडा अजून उभा दिसतो. मध्ये चौक, भोवती सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्यांची तक्तपोशी आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर! बीड जिल्हा पर्जन्यछायेतला, म्हणूनच मातीचे छप्पर येथे टिकले.

आज मात्र या वाड्यांकडे पाहून जीव हळहळतो. उन्हाकडचे खांब राखेसारखे करडे, आतले धुराने काळवंडलेले. 'लाकूड मेले' असे म्हणून वाडा मोडायला काढतात, आणि कोरीव चौकट कुठल्या तरी हॉटेलात शोभेला जाते.

माळवदाची धास्ती वाटणे रास्त आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात शेजारच्या लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत जड छपरांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसे दगावली. तेव्हा छप्पर व भिंती जाणत्या अभियंत्याला दाखवाव्यातच. पण करडे झालेले लाकूड मेलेले असते, हा समज खोटा आहे.

उन्हातील अतिनील किरण लाकडाचे तंतू जखडून ठेवणारे लिग्निन हे द्रव्य मोडतात. पावसाने ते धुऊन जाते आणि वर करडे तंतू उरतात. ही इजा साधारण मिलिमीटरभरच खोल असते. खांबात दाभण टोचून पाहा. टोक सहज रुतले, तर कूज किंवा वाळवी समजावी. अडले, तर आतला साग शाबूत आहे.

मग काम सोपे आहे. कोरड्या ब्रशाने धूळ काढावी, ओल्या फडक्याने पुसावे आणि लाकूड चांगले वाळू द्यावे. कॉस्टिक सोडा वापरू नये. त्याने साग काळा पडतो. पॉलिश पेपर रेषांच्या दिशेनेच फिरवावा. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये आणि मुलांना दूर ठेवावे. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा व वीसेक मिनिटांनी उरलेले तेल पुसून घ्यावे. शेंगदाण्याचे तेल चालत नाही. ते चिकट राहून धूळ धरते. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. मात्र त्याच वेळी उष्णताही निघते, म्हणून तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप पेटतात. पाण्यात बुडवावीत, किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत.

तैलरंगाचा चकचकीत थर एकदा दिला की सुटलो, असे वाटते. पण त्याखाली ओल कोंडते आणि पोपडे धरतात. तेल दरवर्षी द्यावे लागते, हे खरे. पण नॉर्वेतील बोरगुंडचे लाकडी चर्च आठशे वर्षे उभे आहे, ते पाइनच्या लाकडापासून काढलेले डांबर पुन्हा पुन्हा लावल्यामुळेच!

खरी अडचण तेलाची नाही. एक भाऊ पुण्यात, दुसरा संभाजीनगरला, वाडा सर्वांचा आणि म्हणून कोणाचाच नाही! वाळवीपेक्षा वाटण्यांनीच अधिक वाडे पोखरले आहेत. दिवाळीला पाऊस संपलेला असतो, लाकूड वाळलेले असते आणि भावंडेही गावी जमतात. वाडा विकण्याची बोलणी करायची तर खुशाल करावीत. पण त्याआधी सर्वांनी मिळून खांबाला दाभण लावून पाहावे.