सात इंचांची शर्यत

हळदीकुंकवाला नव्या बायकांची ओळख करून देताना आमच्या मंडळात 'तुमचा छंद सांगा' असं विचारायची पद्धत आहे. उत्तरं ठरलेली असतात. वाचन, भरतकाम, रांगोळी, नवनवीन पदार्थ करणं. माझी पाळी आली की मी सांगते, "लाकडी गाड्यांच्या शर्यती." लगेच कोणीतरी विचारतंच, "बैलगाडीच्या का हो?"

नाही, बैल नाहीत. इंजिन नाही, बॅटरी नाही, किल्लीसुद्धा नाही. तळहातावर मावेल एवढी, सात इंच लांबीची लाकडाची गाडी. उतारावर सोडायची आणि ती आपल्या वजनाने धावते. अमेरिकेत या शर्यतीला 'पाइनवुड डर्बी' म्हणतात. पाइन म्हणजे आपल्याकडे मशिनरीच्या खोक्यांना येतं ना, ते फिकट, मऊ लाकूड.

२०२३च्या जानेवारीत धाकट्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी मी न्यू जर्सीला गेले होते. बाहेर बर्फ, घरात पथ्याचा स्वयंपाक. आठ वर्षांची भाची तिकडच्या बालवीरांत, म्हणजे 'कब स्काउट'मध्ये जाते. एक दिवस ती छोटा खोका घेऊन आली. आत एक लाकडी ठोकळा, चार प्लॅस्टिकची चाकं आणि चार खिळे. "मावशी, यातून गाडी करायची. मोठ्यांसाठी पण वेगळी रेस असते. तू करतेस?" दुपारी वेळच वेळ होता. माझ्यासाठीही एक खोका आला.

या खेळाची गोष्ट मोठी गोड आहे. कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीच नावाच्या गावात डॉन मर्फी नावाचे गृहस्थ विमान कंपनीत नोकरी करत. तिथे मुलं स्वतः बसून उतारावरून चालवतात अशा मोठ्या गाड्यांची शर्यत आधीपासून होती, पण मर्फींचा मुलगा दहा वर्षांचा, त्या शर्यतीसाठी लहान. मग त्यांनी त्याच्यासाठी छोट्या लाकडी गाड्यांची शर्यत काढली. १५ मे १९५३ला पहिली शर्यत झाली, ५५ मुलं आली. निकालाच्या रेषेवरची यंत्रणा दाराच्या घंटीचे भाग वापरून केलेली! पुढच्याच वर्षी ही कल्पना देशभर पसरली.

हेतू होता बाप-लेकांनी एकत्र बसून काहीतरी घडवावं. बाप आणि लेक, म्हणजे मुलगाच हं. आया-मुली कुठेच नव्हत्या. कब स्काउटमध्ये मुलींना प्रवेश मिळाला तो २०१८मध्ये, म्हणजे पहिल्या शर्यतीनंतर पासष्ट वर्षांनी. मूळ संस्थेचं नावही २०२५ला बदलून 'स्काउटिंग अमेरिका' झालं. माझी भाची करवत धरून बसली होती त्यामागे एवढा काळ गेलेला. मी मात्र वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा करवत हातात धरली. आमच्या घरी खिळा ठोकायचा तर आधी भाऊ, मग हे. मला फक्त 'स्टूल धर' एवढंच काम.

आता गाडीचं मर्म सांगते. नियम एकच, पण कडक: गाडीचं वजन पाच औंसांपेक्षा, म्हणजे १४१.७ ग्रॅमपेक्षा, जास्त नको. प्रत्येकीची धडपड बरोबर त्या काट्यावर यायची. ठोकळा कोरून हलका करायचा आणि कमी पडेल ते वजन हवं तिथे भरायचं. हवं तिथे म्हणजे मागे. मार्ग आधी उताराचा आणि मग सपाट असतो. मागच्या बाजूला भरलेलं वजन सुरुवातीला जास्त उंचावर असतं, ते जास्त खाली उतरतं, म्हणून वेग जास्त मिळतो. पण हावरटपणा करून अगदी टोकाला भरलं तर पुढची चाकं उचलली जातात आणि गाडी डगमगते. तोल मागच्या आसापासून साधारण इंचभर पुढे आला की बरं.

खरा शत्रू घर्षण. खिळ्याच्या डोक्याखाली बारीक कंगोरे असतात. ते कानशीने घासून, मग ओल्या पॉलिश पेपरने खिळा आरशासारखा करायचा. तेल बहुतेक ठिकाणी चालत नाही, चालते ती ग्रॅफाइटची कोरडी पूड. पेन्सिलीत शिसं असतं असं आपण शाळेपासून म्हणत आलो, ते हेच ग्रॅफाइट. शिसं त्यात नसतंच. काही जण पुढचं एक चाक केसभर वर ठेवतात, म्हणजे फिरवायला तीनच चाकं. काही ठिकाणी मात्र चारही टेकलीच पाहिजेत असा नियम असतो. भाचीच्या इथे तसाच होता.

शर्यतीच्या दिवशी गाडी काट्यावर ठेवली की नोंदवून घेतात, मग तिला हात लावता येत नाही. प्रत्येक गाडी प्रत्येक पट्टीवरून एकदा धावते, कारण पट्ट्यांत उणंअधिक असतं. साधारण ४२ फुटांचं अंतर तीनेक सेकंदांत संपतं. मोठ्यांच्या शर्यतीत एकोणीस जण होते, माझा नंबर अकरावा. दहाव्या नंबरच्या गृहस्थांपेक्षा मी चार सहस्रांश सेकंद मागे!

तुम्ही म्हणाल, अकराव्या नंबराचं काय एवढं? सांगते. आजवर मी भाग घेतला त्या स्पर्धा पाककृतीच्या, रांगोळीच्या, नाहीतर पैठणीच्या खेळाच्या. तिथे कोणाचा तरी चेहरा बघून कळायचं की नंबर कोणाला जाणार. परीक्षक अध्यक्षांच्या जाऊबाई असायच्या. इथे डोळा यंत्राचा. त्याला मी कोणाची कोण हे माहीत नाही. तो म्हणाला अकरावी, म्हणजे अकरावी. मला हा निवाडा इतका आवडला की परत येताना बॅगेत सहा खोके होते.

घरी सासूबाईंनी खोके बघून विचारलं, "याचा उपयोग काय?" खरंच काही नाही. आम्ही मंडळात पापड शिकवतो, शिवण शिकवतो, सगळ्यामागे 'चार पैसे मिळतील' असतं. ते हवंच. पण बाईने जे काही करायचं त्याचा हिशोब का लागावा? पुरुष चौकात कॅरम खेळतात, त्यांना कोणी उपयोग विचारत नाही.

गाव लहान असलं तरी सामान मिळतं. वजनाचा काटा आमच्या सराफांचा, मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा. गाडीत भरायला बहिणीने टंगस्टनचे चौकोनी तुकडे दिले होते. जुन्या बल्बमधली तार असते तो धातू. शिसं स्वस्त, पण पोरांच्या हाताला नको. सराफांनी तुकडा तळहातावर तोलला आणि चपापले. "वहिनी, एवढंसं, आणि वजन सोन्यासारखं?" तसंच आहे. टंगस्टन आणि सोनं यांची घनता जवळजवळ सारखीच, म्हणून तर सोन्याच्या बिस्किटांत ते दडवून फसवतात. त्यांनी तुकडा पटकन परत दिला.

मार्ग सुताराकडून करून घेतला. प्लायवूड आठ फुटी येतं, चार तुकडे जोडले की बत्तीस फूट. मधोमध दीड-पावणेदोन इंचांची पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंनी चाकं धावतात. सुतार आधी हसला, नंतर स्वतःच उताराचं वळण तासून गुळगुळीत करून गेला. खोके संपल्यावर लेथवाल्याने नायलॉनच्या रॉडमधून चाकं काढून दिली. ती थोडी जड आहेत, पण सगळ्यांचीच तशी.

आम्ही सात जणी आहोत. महिन्यातून एका रविवारी मंगल कार्यालय रिकामं असेल तेव्हा जमतो. निकाल मोबाईलवर संथगतीने चित्रण करून लावतो, त्यामुळे भांडण कमी. गेल्या खेपेला पहिली आली ती आमच्यातली सगळ्यांत अबोल. घरी 'मंडळाची मीटिंग आहे' असं सांगून येते. तिने खिळे इतके चकचकीत केले होते की आम्ही हातात घेऊन बघत बसलो. गाडी ती माझ्याच घरी ठेवते. जाताना मात्र पॉलिश पेपरचे दोन तुकडे पर्समध्ये टाकले. मी म्हटलं, "घरी विचारलं तर?"

"तवा घासायला आणलाय म्हणेन," ती म्हणाली, आणि तिने विचारलं, पुढचा रविवार नक्की कुठला?