स्वयंपाकघराचा रंग: डब्यात थोडा, भिंतीत जास्त

ऐंशी-नव्वदच्या दशकात परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर इथल्या वसाहतींत जी घरे उठली, त्यांचे स्वयंपाकघर पाहताक्षणी ओळखू येते. कडप्प्याचा ओटा, त्यामागे पांढऱ्या टाइल्सच्या दोन-तीन ओळी, त्यावर पिस्ता किंवा आकाशी ऑईलपेंटचा पट्टा, भिंतीतल्या फडताळाला कडप्प्याच्याच फळ्या आणि छताजवळ सिमेंटची जाळी. यातले काही मोडलेले नसते, सगळे फक्त कळकट झालेले असते. मग घरात दोन सल्ले येतात. पहिला म्हणजे सगळे फोडून ग्रॅनाइट बसवा, ट्रॉल्या करा. हा खर्च बघता बघता लाखाच्या घरात जातो. दुसरा म्हणजे दिवाळीच्या तोंडावर चांगल्यातल्या रंगाचे दोन हात मारून घ्या. दुसरा स्वस्त असतो, पण वर्षभरात शेगडीमागे पिवळे डाग उमटतात, सिंकच्या बाजूला पोपडे सुटतात आणि ‘रंगाने काही होत नाही’ असा निकाल लागतो. हा निकाल चुकीचा आहे. रंगाने जुने स्वयंपाकघर खरोखर बदलते. मात्र ते डब्यावरच्या किमतीने बदलत नाही, भिंत रंगापर्यंत कशी पोहोचली यावर सगळे ठरते. कमी पैशांत काम करायचे असेल तर पैसे आणि मेहनत कुठे घालायची, याबद्दलचे बहुतेक गैरसमज याच एका मुद्द्याभोवती फिरतात.

भिंत कोरडी दिसते म्हणजे ती स्वच्छ आहे, हा त्यातला सर्वांत महागात पडणारा समज. फोडणीची वाफ वर जाते तेव्हा तेलाचे बारीक कण सोबत नेते. ते भिंतीवर, माळ्याच्या कडेवर, पंख्याच्या पात्यांवर बसतात, हवेशी संयोग पावून घट्ट होतात आणि वर्षानुवर्षांत त्यांचे वार्निशसारखे पातळ कवच बनते. शेगडीच्या वरच्या भिंतीवरून नख ओढून पाहावे. नखाखाली तपकिरी चिकट मळ आला तर नवा रंग भिंतीला धरणारच नाही, त्या मळाला धरेल. बरेच जण कामाची सुरुवात पॉलिशपेपरने करतात. त्याने तेल निघत नाही, उलट घासून आत मुरते. आधी धुणे, मग घासणे हा क्रम हवा. त्यासाठी महागडे द्रावण लागत नाही. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा मिसळला तरी पुरते, कारण सोडा क्षारयुक्त असतो आणि तेलाचे काही अंशी साबण करून ते सोडवतो. भिंत खालून वर धुवावी. वरून सुरुवात केली तर मळकट ओघळ खालच्या कोरड्या भागावर सुकतात आणि त्यांच्या रेघा पुन्हा निघत नाहीत. नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्यायचे, कारण भिंतीवर राहिलेला सोडा वरच्या ऑईलपेंटचाही साबण करायला कमी करत नाही. कोरड्या डिस्टेंपरच्या किंवा चुन्याच्या भिंतीला मात्र हा उपाय नाही. तिथे जुना थर ओला करून खरवडूनच काढावा लागतो. जिथे पूर्वी चूल किंवा रॉकेलचा स्टोव्ह होता तिथली काजळी ही आणखी वेगळी अडचण. पाण्यात मिसळणाऱ्या रंगातून तो तपकिरी डाग दुसऱ्या-तिसऱ्या हातानंतरही वर येतो, म्हणून तेवढ्या भागाला टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा ऑईल प्रायमर आधी लावावा. ‘हल्लीच्या रंगांना प्रायमर लागत नाही’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. असे दावे केलेले असतात हे खरे, पण ते स्वच्छ, कोरड्या आणि पक्क्या पृष्ठभागापुरते असतात, आणि पंचवीस वर्षांची फोडणी खाल्लेली भिंत या तिन्हींत बसत नाही.

दुसरा समज ओलीचा. ‘वॉटरप्रूफ’ रंग मारला की ओल थांबते असे गृहीत धरले जाते. परभणी जिल्ह्यातली बहुतांश जमीन काळी, चिकणमातीची. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि हलक्या पायाचे घर तिच्याबरोबर थोडे हलते. त्यामुळे पावसाळ्यात पुट्टीने बुजवलेली भिंतीची भेग एप्रिलमध्ये पुन्हा तोंड उघडते. त्यात रंगाऱ्याचा दोष नसतो. अशी भेग थोडी रुंद कोरून, लवचीक राहणाऱ्या अॅक्रिलिक भरणीने भरली तर ती जास्त टिकते. त्यापेक्षा चिवट दुखणे लोणा लागण्याचे, म्हणजे भिंतीतून क्षार फुटण्याचे. जमिनीतले पाणी विटांतून वर चढते, बोअरच्या खारट पाण्याने केलेल्या गिलाव्यात क्षार आधीपासूनच असतात, आणि भिंत सुकताना पाणी उडून जाते पण क्षार मागे राहतात. ते रंगाच्या मागे स्फटिक बनून वाढतात आणि रंग आतून ढकलतात. रंगाचा थर जितका घट्ट आणि हवाबंद, तितका मोठा पोपडा. म्हणून वॉटरप्रूफ रंग आतल्या बाजूने मारल्यावर ओल नाहीशी होत नाही, ती थर संपतो तिथून फूटभर वर निघते. शंका असेल तर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी पट्टी लावून भिंतीला चिकटवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतूनच येते आहे. मग आधी सिंकखालचा नळ, ओटा आणि भिंत यांमधली फट आणि पलीकडचे न्हाणीघर तपासायचे. पाण्याची वाट बंद करून, खराब गिलावा काढून भिंत वाळेपर्यंत त्या भागाला नुसता चुना द्यावा. चुन्यातून भिंत श्वास घेऊ शकते आणि त्याच्या क्षारतेमुळे बुरशीही सहजी धरत नाही. दिसायला तो भाग काही महिने वेगळा दिसेल, पण दरवर्षी पोपडे खरवडण्यापेक्षा ते बरे.

स्वयंपाकघराला ऑईलपेंटच हवा, बाकी रंग पुसता येत नाहीत, हा समज एके काळी खरा होता. त्या वेळी पर्याय चुना आणि डिस्टेंपरचा होता आणि दोन्ही ओल्या फडक्याला टिकत नसत. आता धुता येणारे प्लास्टिक पेंट, म्हणजे इमल्शन, सहज मिळतात. त्यातला किंचित चकाकी असलेला प्रकार ओट्यामागे चालतो, अगदी मॅट नको. ऑईलपेंटची अडचण अशी की पांढरा ऑईलपेंट अंधारात पिवळा पडतो. बंद कपाटाच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा पिवळी दिसते ती यामुळेच. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. म्हणजे त्याआधीचा दारा-खिडक्यांचा किंवा भिंतीवरचा थर कोरडा घासून उडवला तर घरभर पसरणाऱ्या धुळीत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. जुना थर पक्का असेल तर तो उगाच काढू नये; पाणी लावून, वॉटरपेपरने हलका खरखरीत करावा, चिखल फडक्याने टिपून घ्यावा आणि त्यावर प्रायमर मारावा. पीठ, मसाले आणि लहान मुले त्या दिवशी दुसऱ्या खोलीत. खिडकीच्या गजांना लावतात त्या रेड ऑक्साइडचे नाव ऐकून काही जण बिचकतात, पण त्यातला लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गेरूचाच भाऊबंद आहे.

आता प्रत्यक्ष रंगाची निवड. ‘पांढरा द्या, खोली मोठी दिसते’ हे अर्धे खरे आहे. पांढरी भिंत प्रकाश परतवते, पण परतवायला आधी प्रकाश हवा. एका जाळीतून उजेड येणाऱ्या खोलीत पांढरा रंग करडा आणि उदास दिसतो. तिथे किंचित पिवळसर झाक असलेला, ज्वारीच्या पिठासारखा रंग जास्त उजळ वाटतो. रंगाचे कार्ड दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहून निर्णय घेणे म्हणूनच धोक्याचे. एकच छटा पिवळ्या बल्बखाली आणि पांढऱ्या एलईडीखाली दोन वेगळ्या रंगांसारखी वागते, शिवाय समोरासमोरच्या भिंती एकमेकींचा रंग परतवत असल्याने खोलीत ती कार्डावरच्यापेक्षा गडद भासते. लहानात लहान डबा आणून ओट्यामागे हातभर जागा रंगवावी आणि सकाळी, दुपारी व दिवा लावल्यावर अशी तीनदा पाहावी. उलट टोकाचा समजही आहे, की गडद रंगात मळ दिसत नाही. मळ दिसत नाही म्हणून तो पुसला जात नाही, आणि तेलाचा थर गडद भिंतीवर चकाकून उलट जास्तच उठून दिसतो. हळदीची गोष्ट या दोन्हींपेक्षा मजेची. वसमत-हिंगोलीच्या हळदीचा हा परिसर (1999 पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती), तेव्हा भिंतीवर हळदीचे शिंतोडे उडणारच. हळदीतला रंग क्षाराच्या संपर्कात लाल होतो. हळद आणि चुन्यातून कुंकू होते ते याच गुणाने. म्हणून नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर फोडणी उडाली की लालसर ठिपके उठतात, आणि साबणाने घासावे तर आणखी लाल होतात. ओट्यामागे चुना न देण्याचे हे पुरेसे कारण आहे. हाच रंग उन्हात मात्र फिका पडतो, त्यामुळे खिडकीजवळच्या डागांची फार चिंता नको. वास्तूप्रमाणे आग्नेयेला लाल रंग हवा, हा आग्रह कुठे ना कुठे निघतोच. त्याने अन्न रुचकर होते किंवा घर भरभराटीला येते याला पुरावा नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा फडताळाच्या आतल्या भिंतीला गेरूची छटा द्यावी. ती दिसतेही छान, आणि स्टीलचे डबे तिच्यापुढे उठून दिसतात.

फिक्या रंगाने स्वयंपाकघर थंड राहते असेही म्हणतात. मे महिन्यात परभणीचा पारा 42-43 अंशांवर जातो तेव्हा ही उष्णता स्लॅबमधून खाली उतरते आणि आतल्या भिंतीच्या रंगाने तिच्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो गच्चीवरच्या पांढऱ्या थराने, कारण तिथे ऊन स्लॅबमध्ये शिरण्याआधीच परतते. तेलंगणाने 2023 मध्ये छत थंड ठेवण्यासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. घरच्या पातळीवर त्याचे स्वस्त रूप म्हणजे उन्हाळ्याआधी गच्चीला चुन्याचे दोन हात. आतला महाग रंग थोडा कमी घेऊन ते पैसे वर घातले तर ओट्यापाशी उभे राहणारीला त्याचा जास्त उपयोग.

टाइल्सवरही रंग मारता येतो का, हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. एपॉक्सी प्रकारचा रंग बसतो, पण साधा ऑईलपेंट गुळगुळीत टाइलवरून सोलून निघतो, आणि शेगडीच्या लगत तर एपॉक्सीचाही भरवसा धरू नये. टाइल्स शाबूत असतील तर मधल्या काळ्या फटी कोरून नवे ग्राउट भरले की निम्मे काम होते. ओट्याला मात्र रंग नकोच. जिथे कणीक मळली जाते तिथे कोणताही रंग सुटून अन्नात जाईल. कडप्पा हा काळा चुनखडकच आहे, त्यामुळे लिंबू, चिंच आणि विशेषतः अॅसिडने त्याची झळाळी जाते. तो धुवून, वाळवून, तेलाचा हलका हात दिला की पुरेसे गडद दिसतो.

राहिला मुहूर्त. नवरात्राआधी दसरा काढायचा आणि त्याच ओघात रंग उरकायचा, ही रीत साफसफाईसाठी उत्तम आणि रंगासाठी वाईट आहे, कारण त्या वेळी चार महिन्यांचा पाऊस पिऊन बसलेली भिंत वाळलेली नसते. सणाला घर स्वच्छ दिसायला हवे, हा आक्षेप योग्यच आहे. तेव्हा दसऱ्याला सोड्याने धुणे, गळती शोधणे, भेगा कोरणे एवढे करावे; धुतलेली भिंतही सणापुरती पुष्कळ उजळते. रंग नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत द्यावा. डिसेंबर-जानेवारीत परभणीची रात्र राज्यातल्या सर्वांत थंड रात्रींपैकी असू शकते, आणि 10 अंशांखाली इमल्शनचा थर नीट जुळत नाही, म्हणून त्या दिवसांत शेवटचा हात दुपारी तीनच्या आत संपवावा. आठ बाय दहा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीच्या भिंती 360 चौरस फूट भरतात. दार, खिडकी, टाइल्स आणि फडताळ वजा जाता 260 च्या आसपास उरतात. एका लिटरमध्ये दोन हातांचे साधारण 100 ते 120 चौरस फूट होतात, म्हणजे अडीच लिटर पुरतात. दुकानदार चारचा डबा पुढे करेल. तो घ्यायचाच असेल तर उरलेला रंग लहान डब्यात काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवावा. शेगडीमागची दोन हात जागा वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा रंगवावी लागतेच, आणि तेव्हा तीच छटा पुन्हा जशीच्या तशी मिळेल याची खात्री दुकानातले यंत्रही देत नाही.