वाचा अडली, बुद्धी नव्हे

बोलणे आपल्या इतके अंगवळणी पडलेले असते की, त्यामागील यंत्रणेचा विचार आपण सहसा करीत नाही. डोक्यास मार लागून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन घरातील कर्ता मनुष्य अडखळू लागला, म्हणजे ‘यांची बुद्धी गेली’ असे आपण म्हणून टाकतो. पुष्कळदा हा त्या रोग्यावर अन्याय असतो.

अशा अडचणींचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात शब्दच सापडत नाही. १८६१ साली पॅरिस येथे डॉ. पॉल ब्रोका यांनी तपासलेला एक रोगी बहुधा ‘तान’ एवढाच उच्चार करी. दुसऱ्याचे बोलणे मात्र त्यास पुष्कळसे समजे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढील भाग बिघडलेला आढळला. दुसऱ्या प्रकारात शब्द मनात तयार असतो. परंतु ओठ, जीभ, स्वरयंत्र व छाती यांचे स्नायू हुकूम पाळीत नाहीत.

येथे श्वासाचे महत्त्व कळते. एरवी श्वासोच्छ्वास मेंदूच्या बुडाशी असलेल्या भागाकडून आपोआप चालतो. बोलताना मात्र श्वास झटकन घेऊन सावकाश, मोजून सोडावा लागतो. हे नियंत्रण मोठ्या मेंदूचे. ते ढळले की वाक्य पुरे होण्याआधीच दम संपतो आणि शेवटची अक्षरे ऐकू येत नाहीत.

कविता वाचताना विरामस्थानी श्वास घ्यावा, असे आम्ही शिक्षक मुलांना सांगतो. वाचोपचारतज्ज्ञ रोग्यास जवळजवळ हेच शिकवितात : ताठ बसावे, आधी श्वास घ्यावा, एका श्वासात थोडेच शब्द बोलावे. घरच्यांनी समोर बसावे, ओरडू नये, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. ‘होय-नाही’ने उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावे, अक्षरांची पाटी जवळ ठेवावी. पाणी पिताना ठसका लागत असेल, तर ते श्वासनलिकेत जात असण्याचा संभव असतो. डॉक्टरांस अवश्य सांगावे. बोलणे एकाएकी बोबडे झाले किंवा धाप लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

मुंबईस १९८३ साली स्थापन झालेल्या वाचा व श्रवणविषयक राष्ट्रीय संस्थेस हैदराबादचे अली यावर जंग यांचे नाव आहे. तिचे एक केंद्र आपल्या सिकंदराबादेसही आहे. उपचारास वेळ लागतो. तोवर घरच्या मसलतीत त्या वडीलधाऱ्यास पूर्वीच्याच मानाने बसवावे आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी. एवढे तर आपणां सर्वांच्या हाती आहे.