बुरांस व अझेलिया : थंडीपेक्षा जमिनीची चिंता अधिक

कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत फाल्गुन-चैत्राच्या सुमारास तांबड्या फुलांनी बहरणारा बुरांस हा उत्तराखंडाचा राज्यवृक्ष होय. तो ऱ्होडोडेंड्रॉन या प्रजातीतील असून रोपवाटिकांत ‘अझेलिया’ म्हणून मिळणारी ठेंगणी झुडपेही त्याच प्रजातीतील आहेत. थंड हवेच्या बागेत ही झाडे दगावली म्हणजे दोष थंडीला दिला जातो. परंतु खरे कारण बहुधा जमिनीत सापडते.

या झाडांना आम्ल जमीन लागते. सामू ४.५ ते ६ च्या दरम्यान असावा. चुनखडीच्या जमिनीत मुळांना लोह मिळत नाही. शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात, म्हणजेच केवडा होतो. म्हणून खड्ड्यात चुना, लाकडाची राख अथवा हाडांचे खत कदापि घालू नये. हिमालयातून हौसेने आणलेले रोप आपल्याकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लावणे म्हणजे पैसा वाया घालविणेच होय.

मुळे केसांसारखी बारीक व अगदी वरच्या थरात असतात. रोप खोल लावल्यास ती गुदमरतात. मुळांच्या गड्ड्याचा माथा जमिनीच्या किंचित वर राहील अशा बेताने लागवड करावी. माती चिकण असल्यास उंच वाफा करावा. बुंध्याभोवती कुदळ चालवू नये. त्याऐवजी बांज ओकचा पाला व चिडाच्या सुया यांचे दोन-तीन इंच आच्छादन द्यावे. डोंगरात हे फुकट मिळते, आणि जंगलातील बुरांस वाढतो तोही अशाच पाल्यावर!

कडाक्याच्या थंडीत पुष्कळ जातींची पाने विडीसारखी वळून लोंबतात. झाड मेले असे समजून ते उपटू नये. थंडी ओसरताच पाने उलगडतात. जमीन गोठली की मुळांना पाणी घेता येत नाही आणि ऊन-वारा पानांतील ओलावा ओढून नेतो, हा खरा धोका. यास्तव हिवाळ्यापूर्वी भरपूर पाणी द्यावे व जागा वाऱ्याच्या आडोशाची निवडावी. गोठलेल्या कळ्यांवर सकाळचे ऊन एकदम पडल्यास त्या करपतात, म्हणून पूर्वेची उघडी बाजू टाळावी.

पुढील वर्षाच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात; छाटणी करावयाची ती फुले गळताच करावी. पाने विषारी असल्याने छाटलेल्या फांद्या शेळ्या-गुरांच्या तोंडी लागू देऊ नयेत.