फेसाची बाटली आणि निळी बाटली

हातावरचं जग : लेखांक 6

मावसभावाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून डोंबिवली पूर्वेच्या एका नर्सिंग होममध्ये त्याला बघायला गेले होते. खोलीच्या दाराशी भिंतीवर प्लास्टिकची डबी होती. खाली तळहात धरला तर लिंबाएवढा पांढरा फेस पडला. वास नाही, गारवा नाही. चोळला तरी हात बराच वेळ दमटच राहिले. तेवढ्यात ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत सिस्टर आल्या, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "काकू, महिना झाला, आता हाच येतो. आधीचा निळा होता ना, तो हाताला नुसती आग आग करायचा. ह्याने काही होत नाही."

त्यांची बोटं बघितली. पेरांवर बारीक चिरा, अंगठ्याच्या कडेला साल सुटलेली. बाई खोटं बोलत नव्हत्या. तरी "ह्याने काही होत नाही" या वाक्याचा दुसरा अर्थ घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना. आज ही डबी.

निळ्या बाटलीत अल्कोहोल, ही डबी "अल्कोहोल फ्री". या नावातच गोची आहे. बिनसाखरेची बर्फी म्हटल्यावर तिच्यात काय नाही ते कळतं, गोडी कशाने आणली ते कळत नाही. बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचलं तर बहुतेक वेळा तिथे बेंझाल्कोनियम क्लोराइड सापडतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा बाटल्यांत त्याचं प्रमाण साधारण 0.13 टक्के असतं, म्हणजे बाकी जवळजवळ सगळं पाणी. बेंझाल्कोनियमचे जंतुनाशक गुण 1935 मध्ये जगापुढे मांडले ते जर्मनीच्या गेरहार्ड डोमाक यांनी. सल्फा औषधांचा पहिला धागा, प्रोंटोसिल, त्यांनीच शोधला आणि 1939 चं नोबेल मिळवलं. तेव्हा हे काही काल-परवाचं खूळ नाही. या घराण्याला क्वाटर्नरी अमोनियम संयुगं म्हणतात, रुग्णालयांच्या बोलीत "क्वाट". त्यातला एक भाऊ तुमच्या घरीही आहे: सॅव्हलॉनमधला सेट्रिमाइड.

क्वाटच्या रेणूला धन विद्युतभाराचं डोकं आणि तेलात मुरणारी शेपटी असते. जिवाणूचं कवच ऋणभारित. डोकं कवचाला चिकटतं, शेपटी आत घुसते, कवच गळायला लागतं. अल्कोहोलची पद्धत याहून दांडगी. ते जंतूची प्रथिनंच गोठवतं, तव्यावर अंडं फोडावं तशी. त्यासाठी थोडं पाणीही लागतं, म्हणून शंभर टक्के अल्कोहोलपेक्षा सत्तर-ऐंशी टक्क्यांचं अधिक भेदक. प्रथिनं तर सगळ्यांकडेच असतात. त्यामुळे जिवाणू, बुरशी, आवरण असलेले विषाणू असा फार भेद अल्कोहोल करत नाही. क्वाट करतं.

इथे क्वाटची बाजूही मांडली पाहिजे. करोनाच्या पहिल्या वर्षी अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी बेंझाल्कोनियम करोनाच्या विषाणूवर वापरून पाहिलं. पंधरा सेकंदांत किमान 99.9 टक्के विषाणू निकामी झाले. निकाल खरा आहे, पण परीक्षानळीतला आहे. नळीत घाम नसतो, रक्त नसतं, नखाखाली अडकलेला चिकटपट्टीचा डिंक नसतो. शिवाय करोनाचा विषाणू चरबीच्या आवरणाचा, म्हणजे मारायला सोपा. आवरण नसलेले विषाणू, जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस घ्या, अल्कोहोललाही जड जातात आणि क्वाटला त्याहून जड. अतिदक्षता विभागांना गेली काही वर्षं छळणारी कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी तर नुसत्या क्वाटला फारसं जुमानतच नाही.

त्या 99.9 चा हिशेबही एकदा करून बघा. हातावर दहा लाख जंतू असले तर 99.9 टक्के मेल्यावर एक हजार उरतात, आणि 99.999 टक्के मेल्यावर दहा. जाहिरातीत दोन नऊ जास्त असले काय नि नसले काय. पण ताज्या टाक्यांवर हात ठेवणार असाल तर एक हजार आणि दहा यांत फरक पडतो. युरोपात हातावरच्या जंतुनाशकांसाठी "ईएन 1500" नावाची परीक्षा आहे. स्वयंसेवकांचे हात जिवाणूंच्या द्रावणात बुडवतात, वाळवतात, मग एकदा 60 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने चोळतात आणि एकदा नव्या मालाने. नवा माल अल्कोहोलपेक्षा कमी पडता कामा नये. मोजपट्टीच अल्कोहोलची आहे, यातच बरंच आलं.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो जुन्या आठवणीतून आलेला आहे. पूर्वी डॉक्टरांच्या टेबलाशेजारी तिकाटण्यावर पांढरं इनॅमलचं भांडं असायचं, त्यात फिकट पिवळं पाणी. पेशंट तपासला की डॉक्टर त्यात बोटं बुडवणार, खुंटीवरच्या टॉवेलला पुसणार, की पुढचा पेशंट. ते पाणी बहुधा सेट्रिमाइडच्याच कुळातलं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागल्यावर कळलं की पातळ केलेल्या क्वाटमध्ये स्यूडोमोनास, सेराटिया, बर्कहोल्डेरिया असली चिवट मंडळी नुसती जगत नाहीत, वाढतात. क्वाटमध्ये भिजवून ठेवलेल्या कापसाच्या बोळ्यांमुळे रुग्णालयांत साथी आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. कापूस क्वाट शोषून घेतो, द्रावणाची ताकद जाते आणि जंतूंना मऊ बिछाना मिळतो.

आता तेच भांडं भिंतीवर गेलंय इतकंच. पाच लिटरचा कॅन येतो, वॉर्डातल्या मावशी डबीचं झाकण उघडून उरलेल्या फेसपाण्यावर नवं ओततात. डबी धुवायची असते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. वरून ओतण्याची सवय अल्कोहोलच्या बाटलीलाही वाईटच, पण ती असली चूक बरीच पोटात घालते. क्वाटची डबी घालत नाही.

आणखी एक गंमत. साबण आणि क्वाट हे सावत्र भाऊ. हँडवॉशमधला फेस करणारा घटक ऋणभारित, क्वाट धनभारित. भेटले की एकमेकांना बांधून ठेवतात आणि दोघंही वाया. साबण नीट न धुता त्यावर फेस चोळला तर हाताला फक्त समाधान मिळतं. पाण्याचा शटडाऊन असलेल्या दिवशी आपल्या भागात साबण कसा घाईघाईत धुतला जातो ते मी सांगायला नको.

मग रुग्णालयं या फेसाकडे वळतात कशासाठी? पैसे वाचवायला, असं उत्तर लगेच तोंडावर येतं, पण ते पुरेसं नाही.

पहिलं कारण सिस्टरनी सांगितलंच: आग. हा शब्द शास्त्रालाही धरून आहे. मिरचीचा तिखटपणा आणि चटक्याची उष्णता ज्या एकाच चेताग्राहकाला कळते, त्याचा उंबरठा अल्कोहोल खाली आणतं. एरवी बेचाळीस अंशांच्या आसपास बोंब मारणारा तो ग्राहक अल्कोहोल लागलं की अंगाच्या साध्या उबेलाही "भाजलं" म्हणतो. पण धडधाकट कातडीखाली तो झाकलेला असतो. उघडा पडतो चिरांमुळे, आणि चिरा पाडतो साबण. दिवसातून तीस-चाळीस वेळा साबणाने हात धुतले की कातडीची चरबी जाते. हातांचं नुकसान साबण करतो आणि नाव अल्कोहोलचं होतं. त्यात आपल्याकडे साबणाने धुवायचं आणि लगेच वर सॅनिटायझरही लावायचं, अशी दुहेरी निष्ठा. हात दिसायला मळलेले असतील, संडासला जाऊन आलात, जुलाबाचा रुग्ण हाताळलात, तर साबण. एरवी नुसतं अल्कोहोल चोळा आणि ड्युटी संपताना साधं क्रीम लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात 80 टक्के इथेनॉलबरोबर 1.45 टक्के ग्लिसरॉल असतं, ते कातडीसाठीच. 0.125 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडही असतं. ते हातासाठी नाही, बाटलीतच दडलेल्या जिवाणूंच्या बीजाणूंसाठी. स्वस्त मालात पहिली काटछाट बहुधा ग्लिसरॉलची होते.

दुसरं कारण, लोक पितात. एप्रिल 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला दारूची दुकानं बंद असताना सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. त्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरीला, 31 जानेवारी 2021 रोजी बारा मुलांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले होते, मुलं बचावली. अशा बातम्यांनंतर व्यवस्थापनाला बिनअल्कोहोलचं सुरक्षित वाटलं तर नवल नाही. पण क्वाट म्हणजे सरबत नव्हे. पोटात गेलं तर तेही घसा आणि अन्ननलिका पोळतं. बाटली कुठे टांगायची आणि किल्ली कुणाकडे, हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

तिसरं, आगीची भीती, म्हणजे खऱ्या आगीची. 2021 च्या एप्रिलमध्ये आधी विरारला आणि पाचच दिवसांनी मुंब्र्याला रुग्णालयं पेटली. चर्चा होती एसीची, शॉर्टसर्किटची. पण त्यानंतर फायर ऑडिटवाल्यांची नजर अल्कोहोलच्या कॅनवर गेली. 80 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाची वाफ 17.5 अंशांपासून पेट घेऊ शकते, आणि ठाण्यात इतका गारठा जानेवारीच्या पहाटेला पडला तर पडतो. म्हणजे साठ्याची काळजी हवीच. भिंतीवरच्या बाटलीचं काय? जर्मनीत 788 रुग्णालयांना विचारून 25,038 रुग्णालय-वर्षांचा हिशेब मांडला गेला. आगीच्या घटना निघाल्या सात, आणि एकही गंभीर नाही.

मुंब्रा-भिवंडीकडे कधीतरी चौथा प्रश्न निघतो: अल्कोहोल धर्माला चालतं का? जानेवारी 2002 मध्ये मक्केत भरलेल्या फिक्ह (इस्लामी धर्मशास्त्र) परिषदेने जंतू मारण्यासाठी अल्कोहोल बाहेरून लावायला मुभा दिली आहे, आणि सौदी अरेबियातली रुग्णालयं ते वापरतात. जून 2020 मध्ये लॉकडाऊननंतर देवळं उघडली तेव्हा भोपाळच्या एका पुजाऱ्यांनीही असाच आक्षेप घेतला होता. देवळाच्या दारात बिनअल्कोहोलचा फेस ठेवला तर माझी काही हरकत नाही. शाळेत, सोसायटीच्या लिफ्टजवळ, रुग्णालयाच्या रिसेप्शनवरही ठेवा. खाटेपाशी नको.

कारण खाटेपाशी वेळ नसतो. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात सकाळी पाऊण तास उभं राहिलं की हे कळतं. साबणाने नीट हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, अल्कोहोलला 20 ते 30. एका ड्युटीत साठ वेळा हात स्वच्छ करायचे तर एकीकडे तास, दुसरीकडे अर्धा तास. जिनिव्हाच्या रुग्णालयात दिदिए पिते यांनी 1994 पासून अल्कोहोलच्या बाटल्या खाटेला टांगल्या. हात स्वच्छ करण्याचं प्रमाण 1997 पर्यंत 48 वरून 66 टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयात लागणारा संसर्ग 16.9 वरून 9.9 टक्क्यांवर आला. बिनअल्कोहोलच्या फेसाने असं काही करून दाखवल्याचं माझ्या वाचनात नाही. आपल्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राची जानेवारी 2020 ची मार्गदर्शिकाही अल्कोहोलचाच आग्रह धरते.

अर्थात बाटलीवर अल्कोहोल लिहिलंय म्हणून ते आत असेलच असंही नाही. 2020 मध्ये बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये आणि डोंबिवलीच्या क्रीडासंकुलात करोनाच्या रुग्णांसाठी खाटा मांडल्या जात होत्या, त्याच वर्षी स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीशेजारी सॅनिटायझर विकलं जात होतं. केंद्र सरकारने 200 मिलिलीटरला 100 रुपयांची मर्यादा घातली होती. कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडियाने मुंबई, ठाणे, नवी मुंबईतून 122 नमुने उचलून तपासले. 45 नमुने लेबलवरच्या दाव्याला उतरले नाहीत, आणि काहींत चक्क मिथेनॉल सापडलं. त्यापेक्षा प्रामाणिक फेस बरा, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

डिस्चार्जच्या दिवशी पुन्हा गेले. मावसभाऊ बिलाच्या खिडकीपाशी उभा, मी डबीपाशी. डबी काढून तिचं लेबल सिस्टरना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं, "बेंझाल्… काय हो हे?" मी थोडक्यात सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातून अर्धी उरलेली निळी बाटली काढली, पुढच्या खाटेच्या दांडीला गॉज पट्टीने बांधली आणि बोटांवरच्या चिरांकडे बघत मला विचारलं, "क्रीम कोणतं लावू, ते सांगा आता."